शनिवारचा केर

जबलपूरच्या अधारतालला मेन रोडवरून आत वळलं की पाण्याच्या टाकीच्या अलीकडे अंजनीचं घर. दारावर पाटी नाही, पण साडीला फॉल लावायचा, पिको करायचा म्हटलं की बायका बरोबर तिथंच येतात. तिचा मुलगा चिराग शिकायला जर्मनीत गेला, तेव्हापासून तो खोलीवर आहे की कुठं भटकायला गेला आहे, हेही या बायकांना विचारावं लागत नसे. उंबऱ्याशी नजर टाकली की कळे. तिथं रंगीबेरंगी दोऱ्यांचे तुकडे, कातरण आणि वर धूळ साचली असली की पोरगा वाटेत आहे. लख्ख असलं की पोहोचला.

घरचं माणूस परगावी निघालं की ते पोहोचेपर्यंत मागं झाडू मारायचा नाही, ही अंजनीच्या सासूची शिस्त. पुष्कळ घरांत असते ती, पण लोक तासाभरात विसरतात. ही सासू विसरणाऱ्यांतली नव्हती. अंजनी नवी नवरी असताना तिचे वडील वरुडहून लेकीला पाहायला आले आणि दुपारी परत निघाले. ते गल्लीच्या कोपऱ्यावर वळले नाहीत तोच हिनं झाडू उचलला. माहेरच्या माणसानं चिवडा खाता खाता निम्मा खाली सांडला होता, तो सासूच्या नजरेस पडू नये एवढीच धडपड. सासूनं येऊन मनगट धरलं.

"काहून झाडून राहिली वो? गेलेल्या माणसाची वाट पुसून टाकतं का?"

वडील सुखरूप पोहोचले. पण जबलपूरला काही पुन्हा आले नाहीत. एका वर्षी कापसाची वेचणी आडवी आली, मग गुडघे आडवे आले, मग ते स्वतःच आडवे झाले ते कायमचे. यात झाडूचा काय दोष, असं अंजनी मनाशी म्हणे. म्हणे खरी, पण झाडूला हात लावताना तेव्हापासून आधी घरची माणसं मोजून घेई.

नवरा गणपत होता तोवर काही अडचण नव्हती. सायकलवर फॅक्टरीत जायचा, संध्याकाळी सायकलवरच परत यायचा. त्याला गावाला जायची हौस नव्हती. गेला तोही घरातूनच, खाटेवरून, चार दिवसांच्या तापात. लेक वैष्णवी शहपुऱ्याला दिली होती, तीही तासाभराच्या वाटेवर. सगळं कसं झाडूच्या आवाक्यात होतं.

मग चिराग निघाला. अंजनीनं त्याच्या हातावर दही ठेवलं आणि तिकडून "पोहोचलो" असा निरोप येईपर्यंत घरात काडी हलवली नाही. निरोप आल्यावर कोपरान्‌कोपरा झाडून काढला. तिला वाटलं, झाला प्रवास.

महिनाभरानं शुक्रवारी फोन आला.

"आई, रात्रीच्या बसनं प्रागला जाऊन राहिलो."

"कोण आहे तिथं आपलं?"

"कोणी नाही. पाहायला."

"पाहायला म्हणजे, मुलगी?"

"शहर, आई. शहर पाहायला."

अंजनीला वाटलं, एखाद्या वेळेस जात असेल माणूस. पण तिकडं म्हणे शनिवार-रविवारी पोरं खोलीत बसतच नाहीत. स्वस्तातली बस धरायची, पाठीवर पिशवी, पिशवीत ब्रेड, सकाळी डोळे चोळत दुसऱ्या देशात उतरायचं. प्राग झालं, व्हिएन्ना झालं, बुडापेस्ट झालं. चिराग राहत होता त्या गावाचं नाव अंजनीच्या तोंडात काही केल्या बसेना, म्हणून ती त्याला सरळ चिरागचं गाव म्हणे. ही बाकीची मात्र तिला पाठ झाली, कारण प्रत्येक नावामागं घरात दोन दिवसांचा केर साठे.

पहिल्याच खेपेला वाद झाला. त्यानं "पोहोचलो" म्हणून कळवलं. हिनं फोन लावला.

"खोलीवर?"

"नाही वो, प्रागला."

"मग कुठं पोहोचला? अर्ध्यात आहेस अजून."

तेव्हा ठरलं की परत खोलीवर पाय ठेवल्याशिवाय पोहोचणं धरायचं नाही. म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत झाडू दारामागं.

कधी तो पुलावर उभा राहून फोनमधून नदी दाखवी. अंजनी शिलाई थांबवून चष्मा पुसून पाही.

"पाणी चांगलं आहे. पण घाट कुठं आहे? लोक आंघोळ कुठं करतात?"

"नदीत नाही करत इथं आंघोळ."

"अच्छा. मग एवढी मोठी नदी काय कामाची?"

तो हसे. ते हसू ऐकायला ती मुद्दाम असलं काहीबाही विचारी. पुलावरच्या गार वाऱ्यात तो हसला की मशीनपाशी बसलेल्या हिचा आठवडा निघून जाई.

गिऱ्हाइकांचं मात्र जमेना. समोरच राहणारी समिधा, शाळेत शिकवणारी, एका रविवारी आपली मोतिया साडी घेऊन गेली आणि घरी जाऊन पाहते तर काठाला लाल दोरे चिकटलेले. येऊन म्हणाली, "काकू, साडी मी मोतिया दिली होती. तुम्ही बांधणी करून दिली."

"चिराग बसमध्ये आहे," अंजनीनं दोरे वेचत सांगितलं.

"त्याला म्हणावं, जरा विमानानं फिर. लवकर पोहोचतं."

यावर दोघी हसल्या. पण पुढच्या रविवारी वैष्णवी आली, रांगती पोर घेऊन, आणि पोरीनं दोऱ्यांच्या ढिगातून टाचणी उचलून तोंडात घातली. वैष्णवीनं बोट घालून ती काढली. काही झालं नाही, पण वैष्णवीनं पोरीला पुन्हा खाली सोडलं नाही.

"आई, हे घर आहे की कचरापेटी?"

"तो वाटेत आहे ना अजून. रात्री पोहोचतो."

"तो वाटेत आहे म्हणून माझ्या पोरीनं टाचण्या खायच्या का?"

अंजनीनं जमिनीवर बसून हातानं एकेक टाचणी वेचली. हातानं वेचलं तर ते झाडणं होत नाही, एवढी सवलत तिनं स्वतःच काढली होती.

त्यानंतरच्या शुक्रवारी चिराग म्हणाला, "कुठं नाही जाऊन राहिलो, आई. परीक्षा आहे." त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तेच. मग थंडी फार आहे. मग नुसतंच, "कंटाळा आला फिरण्याचा."

हे शेवटचं ऐकून अंजनीच्या मनात काहीतरी हललं. जाताना तो म्हणाला होता, शिक्षण झालं की परत येतो, नागपूरला नोकरी पाहतो, मग काय, रात्री गाडीत बसलं की सकाळी घरी. त्यानं ते निघायच्या घाईत, बॅगेची चेन ओढता ओढता म्हटलं होतं. हिनं मात्र ते जपून ठेवलं होतं. पोरगं फिरून फिरून दमलं, तिनं हिशेब केला, आणि दमलेलं माणूस घराकडं वळतं. तिनं मशीन मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवलं आणि समोरची खोली त्याच्यासाठी फिक्या निळ्या रंगानं रंगवून घेतली. दर शनिवारी ती मोकळ्या हातानं झाडू मारी, अगदी खाटेखालीसुद्धा. समिधा म्हणाली, "चिराग सुधारला म्हणायचा." अंजनी म्हणाली, "वय झालं आता त्याचं, बसमध्ये झोपायचं नाही राहिलं."

परीक्षा संपल्यावर, गणपती होऊन गेल्यावर तो आला. थोड्याच दिवसांसाठी, म्हणाला. वैष्णवीही आली होती. जेवणं झाली आणि तो भाचीला मांडीवर घेऊन फोनमधले फोटो दाखवत बसला. अंजनी मागं उभी राहून पाहत होती. बर्फाचा डोंगर, आणि त्यापुढं चिराग, गळ्यात हिरवा मफलर.

तो मफलर तिनं विणला होता. संक्रांतीच्या सुमारास कोणाच्या तरी बरोबर तिळाच्या वड्यांच्या डब्यावर ठेवून पाठवला होता. आणि तोवर तर तो फिरायचा थांबला होता.

"हा कुठला रे?"

"स्वित्झर्लंड," तो सहज म्हणाला. ताटं उचलणाऱ्या वैष्णवीचा हात थांबला.

"म्हणजे हा गेल्या हिवाळ्यातलाच ना?" अंजनी म्हणाली.

"मीच सांगितलं त्याला," वैष्णवी म्हणाली. "आईला सांगत नको जाऊ म्हटलं. टाचणीचं झालं ना, तेव्हा."

"तुला त्रास नको म्हणून, आई," चिराग म्हणाला. "मी दर वेळेस नीटच पोहोचलो. बघ ना, काही झालं का?"

काही झालं नव्हतं हे खरंच होतं. अंजनी आठवत राहिली: संक्रांतीनंतरचे शनिवार, होळीच्या आधीचे, उन्हाळ्यातले. दर शनिवारी तो वाटेत होता, आणि दर शनिवारी ती मागून झाडत होती. मोकळ्या हातानं. खाटेखालीसुद्धा.

"काही झालं नाही," ती म्हणाली. "पुढचा दाखव."

त्यानं पुढचा दाखवला. मग फोन पालथा ठेवला आणि म्हणाला, "आई, सांगायचं होतं. तिकडंच नोकरी लागली. चांगली आहे. आता बरीच वर्षं तिकडंच."

"समोरची खोली रंगवली आहे मी," अंजनी म्हणाली.

"पाहिली ना. छान झाली."

एवढंच बोलणं झालं. चिराग वाईट पोरगा नव्हता. राहिला तेवढे दिवस त्यानं आईच्या मशीनला तेल घातलं, दाराची कडी बदलली, अंधाऱ्या खोलीत मोठा दिवा लावला, म्हणजे तिला तिथंच बसून काम करता यावं. तिथंच.

निघायच्या दिवशी तिनं हातावर दही ठेवलं. त्यानं चाटलं, एक थेंब उंबऱ्यावर पडला. "येतो" म्हणाला तो, जातो नाही म्हणाला. बाहेर रिक्षा उभी होती. बसता बसता वळून हसला, "झाडू नको हां, आई. पोहोचलो की सांगतो. खरंच सांगतो या वेळेस."

तिनं झाडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. फोन मशीनशेजारी ठेवून ती फॉल लावत राहिली. दिवाळीच्या साड्या येत होत्या, दोऱ्यांचा ढीग वाढत होता. निळ्या खोलीत त्याच्या बॅगेवरची कागदी पट्टी पडून होती, तीही तिनं तशीच राहू दिली. आपण होऊन फोन लावायचा तिला धीर होईना. तो सांगतो म्हणाला होता. विचारून कळलं तर ते सांगणं नव्हे.

शनिवारी वैष्णवीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर अंजनी म्हणाली, "चिरागचं काही कळलं का गं?"

"काय कळायचं? तो तर कधीच पोहोचला. कामावर पण रुजू झाला. आता सकाळीच फोटो टाकला ना त्यानं, नावेतला. कुठल्याशा तळ्यावर गेले आहेत सगळे मित्र." मग तीच म्हणाली, "तुला नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल," अंजनी म्हणाली. "माझंच लक्ष नसेल."

तिनं फोन ठेवला. मग उठली, सवयीनं घरची माणसं मोजली, ती एकच भरली, आणि दारामागचा झाडू घेतला. आधी अंधारी खोली झाडली, मग निळी. कागदी पट्टी दोऱ्यांत गुंतून केरात आली. तिनं ती वेगळी काढली नाही. उंबऱ्यावर दह्याचा थेंब वाळून कडक झाला होता, तो नखानं खरवडला.

समोरून समिधा साडीची पिशवी घेऊन येत होती. पायरीशीच थांबली.

"अरे वा, काकू. आज निघाला का झाडू? चिराग पोहोचला वाटतं?"

"आमच्याकडचं कोणी बाहेर नाही आता," अंजनी म्हणाली आणि केर सुपलीत भरला. "ये, आत ये. कोणत्या रंगाचा फॉल पाहिजे?"