लेम स्ट्राउडचा कॅचर

मिलर्स फोर्डच्या बेसबॉल संघात लेम स्ट्राउड सात वर्षं पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता आणि त्याचा चेंडू झेलायला फलंदाजामागे कॅचर म्हणून सातही वर्षं गस ड्रेअरच बसला. दुसऱ्या कोणाला ते जमतच नव्हतं. लेम एल्म झाडाची साल चघळायचा, तिचा बुळबुळीत रस बोटांना लावायचा आणि चेंडू असा सोडायचा की तो फलंदाजापाशी येऊन एकदम खाली बसायचा. फलंदाजाची फजिती व्हायची, पण कॅचरचीही तितकीच. म्हणून ओला टाकायचा की कोरडा, हे गस आधी बोटांनी खुणावायचा आणि लेम होकाराची मान हलवायचा. फलंदाजाला पत्ता लागू नये म्हणून लेम प्रत्येक वेळी हातमोजा तोंडापुढे धरायचा. साल खरोखर चघळली की त्याचा डावा कान हलायचा, ते गसच्या एकट्याच्याच लक्षात आलं होतं.

"बायकोलासुद्धा बोललो नाही मी कानाचं," गस म्हणायचा.

दर सोमवारी गसच्या घरी लेमची बशी मांडलेली असे. सॉसेज, आंबवलेली कोबी, बिअर. लेम सडाफटिंग माणूस, ते घर त्याला अर्धं आपलंच वाटायचं.

१९११ साली वेस्ली टटल हा नवा पिचर आला. डावखुरा, देखणा, आणि चेंडू असा सरळ नि सुसाट की कोणीही झेलावा. तरी मॅनेजरने त्याला गसच्याच ताब्यात दिलं. आता परगावी खेळायला जाताना गाडीत गस टटलशेजारी बसू लागला. सोमवारी तिसरी बशी आली आणि सॉसेजचा कुरकुरीत शेवटचा तुकडा टटलच्या बशीत जाऊ लागला. तुकड्यासाठी माणूस इतका जळतो का? लेम जळत होता.

"एवढं काय आहे रे त्याच्यात?" त्याने एकदा विचारलंच.

"ऐकतो तो. तुला काही सांगायला जावं तर तू मलाच शिकवतोस."

"म्हणजे मी आता नकोसा झालो."

"लेम, माझी बायकोसुद्धा इतकी रुसत नाही रे."

ऑगस्टमध्ये मोठ्या लीगचा माणूस खेळ बघायला आला. कॅचर नेणार आणि सोबत एकच पिचर, अशी कुजबुज होती. त्या दिवशी पिचिंग लेमचं होतं. पण खेळाआधी गसने टटलच्या खांद्यावर हात टाकला, कानात काही सांगितलं आणि दोघं हसले. लेमने ते पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं.

चौथ्या डावात गसने कोरडा चेंडू मागितला. लेमने मान हलवली, हातमोजा तोंडापुढे धरला आणि साल चघळली.

चेंडू खाली बसला तो थेट गसच्या हातमोजा नसलेल्या उजव्या हातावर. दोन बोटं मोडली.

"निसटला रे हातातून," लेम धावत येऊन म्हणाला.

"होतं असं," गस दात आवळून म्हणाला.

मोठ्या लीगचा माणूस एकट्या टटलला घेऊन गेला. गसची बोटं वाकडीच जुळली, चेंडू फेकणं कायमचं गेलं आणि तो सासऱ्याच्या मांसाच्या दुकानात गल्ल्यावर उभा राहिला. लेमचा चेंडू झेलायला मॅनेजरने एकामागून एक कॅचर बसवले, एकही टिकला नाही. पुढच्या उन्हाळ्यात लेमलाच नारळ मिळाला. तो वीटभट्टीवर लागला. न्हाव्याच्या आरशावर टटलचं चित्र चिकटवलेलं होतं, म्हणून तो केससुद्धा घरीच कापू लागला.

सोमवारची बशी मात्र चालूच राहिली. गसला सुरी नीट धरता यायची नाही, त्याचं मांस बायको कापून द्यायची. लेम खाली मान घालून जेवायचा. असाच एकदा तो घास चावत होता आणि गस हसला.

"कान अजून हलतो रे तुझा."

लेमही हसला.

"त्या दिवशीही हलला होता," गस म्हणाला. "पाहिला मी."

लेमने मान वर केली. "मग हात का नाही काढलास?"

"तू मान हलवली होतीस ना. म्हटलं, आपल्यालाच भास झाला असेल." आणि गसने वाकड्या बोटांनी सॉसेजचा शेवटचा तुकडा त्याच्या बशीत सरकवला.