देवघरे काकांचा डबा

देवघरे काका आमच्या प्रयोगशाळेच्या दारात पोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन उभे राहत आणि आत येणाऱ्याचा मोबाईल त्यात टाकून घेत. विभागप्रमुख असोत की चहावाला, सुटका नसे. त्यांचा स्वतःचा फोन सगळ्यांत आधी पडे. मग डबा व्हरांड्याच्या पार टोकाला जाई आणि नोंदवहीत ओळ पडे: माणसं इतकी, मोबाईल इतके. खाली काकांची सही आणि शेजारी प्रयोगाची मोजमापं घेणाऱ्याची.

"मोबाईल जवळ असला का अँटेना त्याचंच खाते, पोरी," ते मला म्हणत. "मग हवेतलं काय मोजशील?"

काका मूळचे नागपूरचे. वडिलांच्या बदलीबरोबर भोपाळला आले, अशोका गार्डनात राहिले आणि आमच्या कॉलेजात तंत्रज्ञ म्हणून चिकटले. मी पीएचडी करत होते. टॉवर, वायफाय, टीव्ही यांच्या लहरी हवेत फुकट हिंडत असतात. त्या गोळा करून चिमूटभर वीज करायची आणि तिच्यावर सेलशिवाय एक छोटं तापमापक चालवायचं, असा माझा विषय. प्रत्येक लहरीची फ्रिक्वेन्सी वेगळी, म्हणून सगळ्यांना पुरेल अशी रुंद पट्ट्याची अँटेना हवी होती. कॉम्प्युटरवर ती झकास चाले. प्रत्यक्षात अँटेनेच्या पट्टीवरचं तांबं काही ऐकत नसे.

"कॉम्प्युटरले सांगून झालं असंल, तर आता तांब्याले विचारू," असं म्हणून काका ब्लेड काढत. कडा केसभर खरवडायची, मोजायचं, पुन्हा खरवडायची. हे काम त्यांच्या नेमणुकीत कुठेच नव्हतं. रविवारी बिट्टन मार्केटात भाजी घ्यायला जातानाही ते माझी अँटेना आणि मीटर पिशवीत टाकून नेत. एकदा भाजीवालीने विचारलं, "दादा, ये क्या नाप रहे हो?"

"हवा में जो फालतू जा रहा है, वो," काका म्हणाले, "और मेथी ताज़ी देना."

बाहेरचे परीक्षक यायच्या दिवशी सकाळी तापमापकाचा पडदा कोराच होता. अँटेना टॉवरची लहर तेवढी पकडत होती, बाकीच्या नाही.

"आठवडाभर दे मले. एक कोपरा खरवडायचा राहिलाय," काका म्हणाले.

माझ्या गाईड सरांकडे आठवडा मागायचं धैर्य माझ्यात नव्हतं. खरं तर लाज वाटत होती. त्या लाजेपायी मी जे केलं, त्याची लाज आजही जात नाही. बहिणीला फोन लावला, चालूच ठेवला, ॲप्रनच्या खिशात सरकवला आणि डबा चुकवून आत शिरले.

खोलीत आम्ही सहा जण होतो: परीक्षक, सर, दोन विद्यार्थी, काका आणि मी. मी अँटेनेला खेटून उभी राहिले. पडद्यावर आकडे उमटले. परीक्षक खूश झाले, आणि सहज म्हणून विचारलं, "सारे मोबाइल बाहर हैं न?"

सर काकांकडे बघून हसले. काकांचा शब्द म्हणजे शेवटचा. काकांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"जी, सब बाहर हैं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. त्यांनी एक घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "अभिनंदन, मॅडम." सगळ्यांना वाटलं, कौतुकाने म्हणताहेत. त्यानंतर ते मला कधी पोरी म्हणाले नाहीत. चूक कबूल करायला दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा चहाचं विचारून परत आले.

निवृत्तीच्या दिवशी डबा आणि नोंदवही त्यांनी माझ्याच हातात दिली. "आता तुम्ही मोजायचं, मॅडम," एवढंच म्हणाले. मी तेव्हा तिथेच शिकवू लागले होते. गेल्या हिवाळ्यात काका वारले. टी. टी. नगरातल्या शोकसभेत त्यांच्या सचोटीवर मीच बोलले, आणि बोलताना त्यांच्या मुलाकडे बघू शकले नाही.

घरी जायच्या आधी कॉलेजात जाऊन नोंदवही उघडली. त्या दिवसाचं पान काढायला मला इतकी वर्षं लागली. काकांचं ठसठशीत अक्षर: माणसं सहा, मोबाईल पाच. खाली त्यांची सही. तोंडाने ते माझ्यासाठी खोटं बोलले होते, पण वहीत त्यांना खोटं लिहवलं नव्हतं.

शेजारी माझ्या सहीची जागा कोरी आहे. काल पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात मुलं आली, त्यांचे मोबाईल डब्यात घालून घेतले, मोजले आणि वहीचं नवं पान उघडलं.