चिंबोऱ्यांची काठी

खाडीत तिवरांची रोपं लावायच्या कामावर मी नवाकोरा प्रकल्प व्यवस्थापक म्हणून रुजू झालो, तेव्हा रोपं लावणाऱ्या बायकांत ती सगळ्यात वयस्क होती. सगळे तिला मावशीच म्हणत. पूर्वी ती याच चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडायची. तेव्हाची काठी अजून तिच्या हातात असे. रोज आल्याआल्या ती काठी चिखलात रोवायची, काठीवर ओल कुठवर चढली ते अंगठ्यानं चाचपायची आणि स्वतःशीच "हां" म्हणायची. त्या "हां"नंतर मी उगाच नकाशा उघडून बघायचो.

"हितं नको लावू, बाबा. ओहोटीलाबी पाणी निघत न्हाय," तिनं मला तीनदा सांगितलं होतं. पण जागा मीच निवडली होती आणि आराखडा वर साहेबांकडे गेला होता. चुकलो असं कळवायचं मला धाडस होईना.

दोन महिन्यांत रोपं कुजली. साहेब पाहणीला आले.

"इथल्या पाण्याचं कुणाला विचारून जागा धरलीस?"

मी नकाशाची घडी उलगडत राहिलो.

"मला इचारलं त्यानं," मावशी म्हणाली. "माझाच अंदाज चुकला."

बाकीच्या बायका चमकून तिच्याकडे बघू लागल्या. खाडीच्या पाण्याचा तिचा अंदाज कधी चुकला नव्हता. मी नकाशाची घडी घालू लागलो.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखी काठी रोवली, पण अंगठा लावला नाही. बाजूला सरून माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी वाकून ओल चाचपली. "हां" म्हणायला काही केल्या आवाज फुटेना.