रिकाम्या गोलातले काका

बारावीत असताना आमच्या पेठेच्या टीमचा गोलकीपर, आमचा मित्र, नशेच्या गोळ्या जास्त झाल्यानं वारला. त्याचं व्यसन आम्हाला ठाऊक होतं, पण त्याच्या घरी कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सरावाच्या मॅचला त्याच्या मानासाठी आम्ही गोल रिकामा ठेवला आणि हाफटाइमपर्यंत सात गोल खाल्ले.

बघायला आलेले त्याचे वडील पायजमा खोचून मैदानात आले. "त्यो असता तर एकेकाला लाथा घातल्या असत्या की. सरका," म्हणत गोलात उभे राहिले.

मला राहवेना. "काका, गोळ्यांचं आम्हाला ठावं हुतं."

"मलाबी हुतं. गप्प बसलो," ते म्हणाले. "इथनं पुढं कुणाचं असलं दिसलं, तर पहिलं मला येऊन सांगायचं. बघ, बॉल आला."

त्यांनी आणखी तीन गोल खाल्ले. त्या दिवशी आम्ही हसत घरी गेलो.