कुठलं स्ट्रक्चर?

माणसाला कामावरून काढायचंय आणि काढणाऱ्याला त्यात स्वतःचं नाव नकोय, अशा वेळी इंग्रजीत एक फार सोयीचं विशेषण मिळतं. स्ट्रक्चरल. जर्मनांकडे त्याचं श्ट्रुक्टुरेल होतं. जर्मनीतल्या आमच्या संशोधन संस्थेत परदेशी लोक बरेच, त्यामुळे बैठका इंग्रजीत व्हायच्या आणि हा शब्द दोन्ही भाषांत कानावर आदळायचा. बायकांचं स्वच्छतागृह पलीकडच्या इमारतीत का, तर कारण स्ट्रक्चरल. अख्ख्या विभागात एकही प्राध्यापक बाई का नाही, तर तेही स्ट्रक्चरल. पहिल्या उत्तरात भिंती आहेत आणि दुसऱ्यात माणसं आहेत, हा फरक कुणाला खुपायचा नाही.

मला खुपायचा, कारण माझी शाळा वेगळी. जर्मनीत मास्टर्सला येण्याआधी पुण्यात कॉलेजची सगळी वर्षं मी पत्रकं लिहिण्यात घालवली: वसतिगृहाचं पाणी, फीवाढ, मुलींच्या गेटची वेळ. तिथे शिस्त एकच होती. 'फी वाढली' असं लिहिलं की कागद तोंडावर परत यायचा. फी काय वेल आहे, आपोआप वाढायला? कुणी वाढवली ते लिही, हुद्द्यासकट लिही. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर मी जर्मनीत उतरले तेव्हा सामानात प्रेशर कुकर होता आणि डोक्यात हे व्याकरण.

संस्थेत मी तासांच्या हिशेबाने काम करायचे. तिथेच एक दादा डॉक्टरेट करत होता. सख्खा नव्हे. आपल्याआधी तिथे पोचलेला मराठी माणूस आपोआप दादा होतो आणि त्याची बायको वहिनी. गाडीच्या सांगाड्यातले चिकटवलेले सांधे किती ओढ सहन करतात, हा त्याचा विषय. एक अवाढव्य यंत्र ते सांधे तुटेपर्यंत ओढायचं आणि त्या यंत्राच्या लहरी फक्त दादाला कळायच्या. प्रबंधाला अजून वर्षभर लागणार होतं. फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, मात्र हिवाळ्याआधी संपत होता, आणि फेरट्राग संपला की व्हिसाही. दादाचा, वहिनीचा आणि त्यांच्या चार वर्षांच्या लेकीचा, जिला मराठी सगळं समजायचं आणि जी उत्तर जर्मनमध्ये द्यायची.

आमचा गटप्रमुख सायकलवर यायचा, कचरा वेगवेगळा टाकायचा, सगळ्यांच्या मुलांची चौकशी करायचा. अशा माणसाविरुद्ध पत्रक लिहिणं फार अवघड असतं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाता खाता त्याने दादाला मऊ आवाजात सांगितलं, की तुझा फेरट्राग काही वाढवता येणार नाही, फॉर स्ट्रक्चरल रीझन्स. दादाने मान डोलावली आणि म्हणाला, ओके, मी बघतो. गटप्रमुख जरा गोंधळला, पण त्याची सुटका झाली होती. त्याने आणखी एक तुकडा घेतला.

'मी बघतो' म्हणजे काय, ते मला संध्याकाळी त्यांच्या घरी कळलं. जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग होता आणि दादा पेन्सिल घेऊन बसला होता.

"त्यांना माझ्या गणितात काहीतरी दिसलंय," तो म्हणाला. "सांध्याच्या स्ट्रक्चरमध्ये."

मी आधी हसले. मग लक्षात आलं की तो गंभीर आहे. त्यात त्याचा तरी काय दोष. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना हा शब्द कॉलेजात एकाच अर्थाने पाजलेला असतो: भार पेलणारं ते स्ट्रक्चरल, बाकीची सजावट. तिकडे नेकारसुल्म गावात गाड्यांच्या कामावर असलेली आपली मंडळी 'मी स्ट्रक्चरलला आहे' असं कुलवृत्तान्त सांगितल्यासारखं सांगतात. दादाला भाकरी देणारा शब्द तो. तोच शब्द भाकरी काढून घ्यायला वापरतील, हे त्याच्या डोक्यातच येईना.

मी त्याला सरळ सांगितलं, की तुझ्या गणिताशी याचा काडीचाही संबंध नाही, तुला हाकलतायत.

"तुला सगळीकडे राजकारणच दिसतं," तो म्हणाला आणि खोडरबर शोधायला लागला.

पुढचे कित्येक आठवडे तो सगळं गणित नव्याने मांडत बसला. दुसरीकडे अर्ज करायचे दिवस, भांडायचे दिवस, सगळे त्या सांध्यांत चिकटून गेले.

मधल्या काळात गावी फोन करणं भाग होतं. वहिनीचे सासरे खेड्यातल्या एका शिक्षणसंस्थेत जन्मभर राबलेले, आणि इंग्रजी शब्द टाकला की ते 'मराठीत सांग' म्हणत. वहिनीने फोनवर हात ठेवून मला विचारलं, स्ट्रक्चरलला मराठीत काय म्हणायचं. मी म्हटलं, रचनात्मक म्हणा.

"अहो बाबा, रचनात्मक कारणांमुळे पुढचा करार होत नाहीये," वहिनी म्हणाली.

पलीकडून समाधानाचा आवाज आला. "रचनात्मक ना? मग काळजी कसली."

त्यांच्या पिढीत संघर्षाला कंटाळलेला माणूस रचनात्मक कार्याला लागायचा आणि गावात बंधारा व्हायचा. मुलगाही तसल्याच कशाला तरी लागतोय, असं त्यांनी धरलं. वहिनीने फोन ठेवून माझ्याकडे जे पाहिलं, त्याला जर्मनमध्ये शब्द नसावा.

शेवटी दादाने वेळ मागून घेतली आणि गटप्रमुखापुढे सगळं नवीन गणित मांडलं. प्रोजेक्टर सांभाळायला मी होते. एकेक सांधा त्याने तुटेपर्यंत ओढून दाखवला. गटप्रमुख मनापासून खूश झाला. फार सुंदर काम, म्हणाला.

"म्हणजे आता स्ट्रक्चरल कारण राहिलं नाही?" दादाने विचारलं.

गटप्रमुखाला समजायला थोडा वेळ लागला. मग तो हसला, आणि हसताहसता त्याचे कान लाल झाले. "नाही, नाही. ते स्ट्रक्चर नव्हे."

"मग कुठलं?"

"आल्झो, तर असं आहे," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत सुरू झाला. दोन विभाग एकत्र होतायत, जागा इकडच्या तिकडे जातायत, एकूण मांडणीच बदलतेय.

मी विचारलं, हे ठरवलं कुणी. कुणीच नाही, तो म्हणाला, इट इज स्ट्रक्चरल. मी म्हटलं, विभाग काही धुक्यासारखे एकमेकांत मिसळत नाहीत, कुणीतरी सही केली असेल. त्यावर तो मला म्हणाला, की मी विषय फार भावनिक करतेय. बाईने कर्ता विचारला की ती भावनिक होते, हे मला पुण्यातही ऐकवलेलं होतं. तिकडे ते ऐकायला निदान विमानाचं तिकीट काढावं लागलं नव्हतं.

दादा मात्र शांत होता. "आपल्या विषयात," तो म्हणाला, "जो भाग काढला की बाकीचं कोसळतं, त्याला आपण स्ट्रक्चरल म्हणतो. मी कोणता भाग आहे?"

गटप्रमुखाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तू आम्हाला फार मोलाचा आहेस, म्हणाला. म्हणजे सजावट.

त्या रात्री मी पत्रक लिहून दादा-वहिनीच्या टेबलावर ठेवलं. वहिनीने ते वाचलं, बाजूला सरकवलं आणि नवऱ्याला विचारलं, "तुझी रजा किती राहिलीये?"

"सगळीच." हे सांगताना त्याला अभिमान वाटत होता. आपल्या लोकांना न घेतलेली रजा पदकासारखी वाटते.

"मग घे की. सोमवारपासून."

करार संपण्याआधी उरलाउब, म्हणजे हक्काची रजा, घेऊन टाकायचा, हा तिथला नियमच. संस्थेची सेक्रेटरी बाई दादाच्या मागे त्यासाठी कधीची लागली होती. तिने आनंदाने होकार दिला.

सोमवारी यंत्र बंद होतं. मंगळवारी एकाने ते चालू केलं आणि सांधा न तुटता पकडच तुटली. दादा घ्यायचा तो विद्यार्थ्यांचा तास कुणी घ्यायचा, यावर बैठक झाली. ज्या कंपनीसाठी चाचण्या चालल्या होत्या तिथून फोन यायला लागले. गटप्रमुख यंत्रासमोर माहितीपुस्तिका उघडून उभा असलेला मी डोळ्यांनी पाहिला, आणि कबूल करते, मला फार बरं वाटलं. त्याने घरी फोन केला तेव्हा वहिनीने आपल्या क्लासमधल्या स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, की ते रजेवर आहेत, मुलीला घेऊन प्राणिसंग्रहालयात गेलेत. ते खरंही होतं.

मग दादाला एका वर्षाचा फेरट्राग मिळाला. मांडणीत जागा कुठून निघाली, ते कुणी सांगितलं नाही.

आमच्याच गटातल्या एका व्हिएतनामी मुलीचा करार वसंतात संपणार होता आणि तिलाही तोच केक खिलवून झाला होता. म्हणून मला पत्रक लावायचंच होतं. वहिनी म्हणाली, लाव, पण आमचा व्हिसा पासपोर्टात चिकटू दे. मी थांबले. चिकटल्यावर कागद घेऊन दादाकडे गेले आणि त्याच्यापुढे पेन धरलं.

त्याने दोनदा वाचलं. "खरंय सगळं," तो म्हणाला. "माझं नाव नको. मला वर्षभर तिथेच बसायचंय."

मी त्याला भित्रा म्हटलं. तो यंत्राकडे निघून गेला. वहिनी म्हणाली, "अगं, त्याला पदवी घेऊ दे, मग भांड. आत्ता चहा पी."

चहा न पिताच मी निघाले. पत्रक मी माझ्या एकटीच्या सहीने फलकावर लावलं. दोन दिवसांनी बघते तर कुणीतरी बारीक पेन्सिलीने माझ्या जर्मनमधल्या डेर, डी, डासच्या, म्हणजे नामांच्या लिंगांच्या, चुका दुरुस्त केल्या होत्या, एकही न सोडता. मजकुराबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते सगळे बदल करून पत्रक पुन्हा छापलं आणि त्याच जागी लावलं.