नथीची बाजू

सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढूनही ज्याच्या हातांची काम करायची खोड गेली नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी हल्ली कुणी न विचारता सांगतो. बेलापूरच्या एका कार्यालयात ते आवक-जावक सांभाळत. सहीशिवाय कागद त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. साहेबांच्या मुलीची लग्नपत्रिकाही त्यांनी 'सही नाही' म्हणून परत पाठवली होती म्हणतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही.

निवृत्तीनंतर लोक योगासनांकडे नाहीतर सोसायटीच्या राजकारणाकडे वळतात. मामा ठसे कोरण्याकडे वळले. लिनोलियमच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या, तुकड्यावर चित्र कोरायचं, शाईचा रोलर फिरवायचा आणि वर कागद ठेवून तो घासायचा. घासायला मामींची भातवाढी. त्या घरात वर्षभर आम्ही भात बशीने वाढून घेतला. हत्यारांची निवड तर रीतसर सरकारी खरेदी होती. फाइल उघडली, तीन दुकानं पाहिली, तुलनात्मक तक्ता केला: मूठ, पातं, वजन, तळहात दुखतो का. पिशवीत रताळं घेऊन ते दुकानात जात आणि प्रत्येक पात्याने त्यावर रेघ ओढून बघत. "काका, भाजी घरी चिरा ना," एक दुकानदार वैतागला. "तुमचं पातं अडकतंय. शेरा लिहून घेतो," मामा म्हणाले. दोन महिन्यांनी पाच हत्यारं घरी आली आणि पंधरा दिवसांत पाचही बोथट झाली. धार कशी लावायची, हा रकानाच तक्त्यात नव्हता.

तो भरला बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या मासळीबाजारातल्या त्यांच्या नेहमीच्या कोळणीने. "साहेब, हत्यार कंचं बी घ्या, पन दगड रोज लागतो," म्हणत तिने कोयत्याचा दगड पुढे सरकवला आणि गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना शिकवणी दिली. साहेब कधीच न झालेल्या मामांना साहेब म्हणणारी ती एकटीच. तिचे गुडघे आता बसू देत नव्हते; महिनाअखेरीला ती जागा सुनेच्या हवाली करणार होती. त्याआधी तिचं चित्र तिथे लागलंच पाहिजे, असं मामांनी ठरवलं. ती एक दिवस खास नथ घालून बसली.

शेवटच्या आठवड्यात मामा ठसा घेऊन गेले, मीही सोबत होतो. तिने कागद लांब धरला.

"झ्याक हाय. पन साहेब, माजी नथ उजव्या नाकान कशी गेली? आन कोयता डाव्या हातान? डाव्या हातानं मी कवा माशी पन नाय मारली!"

शेजारच्या बायका खो खो हसल्या. ठसा उलटा उमटतो, म्हणून कोरताना चित्र उलटं करून घ्यावं लागतं. मामांनी आठवणीने उलटी कोरली होती ती फक्त स्वतःची सही. कोपऱ्यात ती अगदी सुवाच्य उमटली होती.

"ऱ्हाऊ द्या, कोन बगतंय," ती म्हणाली.

"नोंद चुकली, ताई. पुन्हा करतो."

हाताशी पाच दिवस होते. मी म्हणालो, तिचा फोटो काढून तोच मोठा करून लावू. मामांनी माझ्याकडे सही नसलेल्या कागदाकडे बघावं तसं पाहिलं. सकाळी धार, मग अंधार पडेपर्यंत कोरणं, तेही पहिल्या रेघेपासून. अंगठ्याला दोन पट्ट्या लागल्या. शेवटच्या दिवशी आम्ही ओल्या शाईचा कागद ताटासारखा आडवा धरून बाजारात नेला. तिने आधी स्वतःची डावी नाकपुडी चाचपली, मग चित्रातली नथ पाहिली.

"आता मी हाय," ती म्हणाली, आणि कोयता सुनेच्या हातात दिला.

परतताना माझ्या लक्षात आलं. "मामा, सही राहिली."

"राहिली नाही, जावईबापू. कोरलीच नाही."

सहीशिवाय पुढे गेलेला त्यांचा तो एकच कागद. आता तिथे सून बसते. तिच्या डोक्यावर चित्र आहे. दमट हवेने त्याचा एक कोपरा फुगलाय. मासे घ्यायचे नसले तरी मी तिथे जरा रेंगाळतो. चित्राबद्दल कुणीतरी विचारेल, अशी आशा असते. कुणीच विचारलं नाही, तर मीच अनोळखी गिऱ्हाइकासारखा विचारतो, "हे कुणी काढलं हो?"

सून मला चांगली ओळखते. तरी मान वर न करता दर वेळी सांगते, "आमच्या साहेबांनी."