घाई न करणाऱ्या सुमनताई

फोन आला तेव्हा आम्ही बालवाडीत गोल करून गाणं म्हणत होतो. सुमनताईंच्या मुलीचं, स्नेहाचं नाव स्क्रीनवर दिसलं आणि मला कळलंच. ताई बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. बाहेर ओट्यावर जाऊन फोन घेतला. "आई सकाळी गेली, मंदामावशी... झोपेतच. तुम्ही वर्ग संपवूनच या. तिला तसंच आवडलं असतं." आत आले तर मुलं हात धरून तशीच उभी होती. आम्ही गाणं पुरं केलं.

त्याला आता महिना उलटून गेला. ताईंचं आयुष्य भरलेलं होतं, मनासारखं काम त्यांना करायला मिळालं, म्हणून लिहिताना जड वाटत नाही. ताई मूळच्या परभणीकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे बेलापूरला आल्या आणि स्नेहा मोठी झाल्यावर आमच्या दिवाळे गावात, समाजमंदिरामागच्या खोलीत त्यांनी बालवाडी सुरू केली. बाहेरची बाई कोळीवाड्यात किती दिवस टिकणार, असं सगळ्यांना वाटत होतं. माझी निधी तेव्हा चार वर्षांची. तिला मी सोसायट्यांकडच्या इंग्लिश नर्सरीत घातलं होतं. घरात अखंड बडबडणारी पोर तिथे तोंडच उघडायची नाही. शेवटी तिथल्या मॅडमनी सांगितलं, "हिला वर्षभर घरीच ठेवा, शाळेसाठी तयार नाहीये ती." मी हादरले. सासूबाई बंदरावर मासळी विकायच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीला काय झालं नाय. तिला तिथं करमत नाय." दुसऱ्या दिवशी मी निधीला घेऊन ताईंकडे गेले.

तिथेही ती गप्पच. कोपऱ्यात बसायची, बघत राहायची. ताईंनी तिला एकदाही "बोल" म्हटलं नाही. मीच टेन्शनमध्ये. विचारलं की म्हणायच्या, "लेकरू बघतंय ना सगळं? मग बघू द्या की." एक दिवस ताईंनी मुलांबरोबर मातीचे मासे केले, पाटीत मांडले आणि पाटी निधीसमोर ठेवून दिली. स्वतः गिऱ्हाईक झाल्या. एक मासा उचलून वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "शिळा दिसतोय." निधी ताडकन उठली. कमरेवर हात ठेवून थेट आजीच्या आवाजात ओरडली, "म्हावऱ्याला हात नको लावूस! घ्यायचा हाय त घे, नाय त चल पुढं!" सगळा वर्ग खिदळायला लागला. मी तिला न्यायला आले होते, दारातच थांबून ऐकत राहिले. ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अगं बाई, रागावू नको, दे दोन," म्हणत त्यांनी मुकाट्याने मासे पिशवीत घातले.

त्यानंतर त्यांनी मला विचारलं, "माझी मराठी परभणीची, ह्यांची कोळ्यांची. मध्ये कुणीतरी हवं. येतेस का?" मी दहावी झालेली, घर आणि मासळी एवढंच माहीत असलेली. त्यांनी मला बालशिक्षणाचा कोर्स करायला लावला, रडकुंडीला आले तेव्हा शेजारी बसून अभ्यास घेतला. मुलं आधी आपल्या बोलीत मोकळी होऊ देत, पुस्तकातली भाषा मागून येते, हे मी त्यांच्याकडे शिकले. आणि खरंच यायची ती, वर्ष संपेपर्यंत.

पालकांना पटवणं मात्र अवघड होतं. एका सभेत एक वडील उठले. "ताई, आमची पोरं नुसती खेळतात. तिकडच्या शाळेत त्याच वयाची एबीसीडी लिवतात." ताईंनी त्यांच्या हातात खडू दिला, "डाव्या हाताने तुमचं नाव लिहा बरं." गडी घामाघूम झाला, फळ्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. ताई म्हणाल्या, "लेकराची बोटं अजून अशीच आहेत, दादा. तुम्ही जाळं विणायला बसलात ते काय पाळण्यातून उतरल्या उतरल्या?" सगळे हसले, तेही हसले. पुढच्या आठवड्यात ते जुन्या जाळ्याचे तुकडे घेऊन आले, मुलांना दोरा ओवायला. सगळ्यांनाच पटलं असं नाही. काही मुलं त्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेली. ताई त्यांच्या आयांना रस्त्यात थांबवून मुलांची चौकशी करायच्या, तेवढ्याच मायेने.

हळूहळू दिघ्यापासून जासईपर्यंतच्या बालवाडीच्या बाया आमचा वर्ग बघायला यायला लागल्या. "मला काय बघता? लेकरांकडे बघा," ताई म्हणायच्या. निधी आता कॉलेजात आहे, वादविवादात बक्षिसं आणते. पहिलं बक्षीस ताईंना दाखवायला गेली तर ताईंनी हात जोडले, "हिच्याशी वाद? मला मासे घेताना अनुभव आलाय!"

त्यांची एक सवय आमच्या बालवाडीत राहिली आहे. सकाळी मूल वाटेत कशापाशी रेंगाळलं तर त्याला ओढून आत आणायचं नाही, आपणच बाहेर जायचं. परवा छोटी आर्या पायरीखाली बसून राहिली. गटाराच्या कडेला एक खेकडा बिळातून डोकावत होता. आजी तिचा हात ओढत होती, "चल गो, उशीर झाला, बाई ओरडंल." मी बाहेर गेले, साडी सावरून आर्याशेजारी पायरीवर बसले. आजी क्षणभर गोंधळली... मग तीही टेकली. खेकडा पूर्ण बाहेर येईपर्यंत आम्ही तिघी तिथेच बसून होतो.